उपयोक्ताकेंद्रित अभिकल्प व चपळ विकासपद्धती

संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तयार करण्याच्या दोन कार्यपद्धतींचा संयोग. चपळ अथवा ‘ॲजाइल’ पद्धतीत आज्ञावली एकदम पूर्ण न करता साधारणपणे एक ते चार आठवड्यांच्या आवर्तनांत थोडीथोडी रचतात व दर आवर्तनाअखेर तयार झालेला भाग ग्राहकापुढे ठेवतात. उपयोक्ताकेंद्रित अभिकल्पात आज्ञावली प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीचे काम, सवयी व परिसर यांचा अभ्यास करून तिची रचना ठरवितात आणि कच्चे नमुने त्याच व्यक्तीकडून पारखून घेतात.

दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे उदयास आल्या. जॉन गूल्ड व क्लेटन ल्यूइस यांनी १९८५ मध्ये अभिकल्पाची तीन तत्त्वे मांडली : उपयोक्ता व त्याचे काम यांकडे आरंभापासून लक्ष, प्रत्यक्ष वापराचे मापन आणि वारंवार सुधारणा. चपळ पद्धतीचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात जमलेल्या १७ जणांनी काढला. सर्व गरजा प्रथम लिहून घ्यावयाच्या व मग क्रमाने रचना, लेखन आणि चाचणी करावयाची, या जुन्या ‘धबधबा’ पद्धतीवरील ती प्रतिक्रिया होती. ग्राहकाच्या मागण्या बदलत जातात, हे तीत उघडपणे मान्य केलेले होते. ग्राहक तोच उपयोक्ता, हे मात्र पुष्कळदा नकळत गृहीत धरले गेले.

वस्तुतः आज्ञावलीसाठी पैसे देणारा व ती वापरणारा या बहुधा भिन्न व्यक्ती असतात. उदा., नवी मुंबईतील उलवे येथील रहिवाशांना २०१८ पासून खारकोपर स्थानकातून उपनगरी गाडी मिळू लागली. अशा प्रवाशांसाठी मोबाइलवर तिकीट काढण्याची आज्ञावली करावयाची झाल्यास मागणी कार्यालयातील अधिकारी नोंदवील. वापर मात्र भर उन्हात, एका हाताने, गाडी सुटण्याच्या बेतात असताना होईल. केवळ मराठी वाचणाऱ्यास पडद्यावरील मजकूर उमगतो की नाही, हे अधिकाऱ्याच्या संमतीवरून कळत नाही. उलटपक्षी असा अभ्यास करण्यास वेळ लागतो आणि आवर्तन त्यासाठी थांबत नाही. ॲलन कूपर व केंट बेक यांच्या २००२ मधील चर्चेत हाच मतभेद दिसला. आज्ञावलीचे लेखन सुरू होण्यापूर्वी अभिकल्प पुरा व्हावा, असे कूपर यांचे मत होते. बेक यांच्या मते तसे केल्याने धबधबाच परत येतो.

यातून व्यवहार्य मार्ग टोराँटो येथील एलियस या कंपनीतील लिन मिलर (२००५) व डेझिरे साय (२००७) यांनी दाखविला. आज्ञावलीकार चालू भाग लिहीत असताना अभिकल्पक पुढील आवर्तनाचा नमुना पारखतो, त्यापुढील आवर्तनासाठी माहिती जमवितो आणि मागील आवर्तनात तयार झालेला भाग तपासतो. तथापि तुकडे स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकत्र वापरताना विसंगत ठरण्याचा धोका उरतोच. म्हणून आरंभी संपूर्ण कामाचा स्थूल आराखडा करणे इष्ट ठरते.

या संयोगाचे मापन करण्याचा उल्लेखनीय प्रयत्न मुंबईत झाला. भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील अनिरुद्ध जोशी व एन. एल. सारडा यांनी संजय त्रिपाठी यांच्यासह २०१० मध्ये दोन मापे प्रसिद्ध केली. वापरसुलभतेची ठरविलेली उद्दिष्टे कितपत साध्य झाली, हे पहिल्याने मोजतात. अभिकल्पाची कामे विकासप्रक्रियेत कितपत सामावली गेली, हे दुसऱ्याने. उद्योगातील ६१ प्रकल्पांत या दोन मापांचा चांगला सहसंबंध आढळला. धबधबा पद्धतीच्या प्रकल्पांपेक्षा चपळ प्रकल्पांत या समावेशाचा परिणाम काहीसा अधिक दिसला, ही विशेष लक्षणीय बाब होय. कारण दोन्ही पद्धती परस्परविरोधी असल्याची समजूत तिच्याशी जुळत नाही. अर्थात सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कुशल गट दोन्ही बाबतींत सरस ठरू शकतो.

लहान आवर्तनांत थोड्याच उपयोक्त्यांकडून चाचणी घेता येते. याकोब नीलसन यांच्या मते सुमारे पाच व्यक्तींच्या चाचणीत बहुतेक दोष उघडकीस येतात. परंतु त्या व्यक्ती एकाच प्रकारच्या असल्या, तरच हे लागू पडते. वरील उदाहरणात रोज प्रवास करणारा नोकरदार, क्वचित प्रवास करणारा वृद्ध आणि नव्यानेच राहावयास आलेला परभाषक यांच्या चाचण्या वेगवेगळ्या घ्याव्या लागतील. त्या एकाच आवर्तनात न मावल्यास क्रमाने पुढील आवर्तनांत वाटून देतात.