शरीरातले सांगावे

मंडळी, पायात कधी काटा रुतला नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. बाभळीचा असो, बोरीचा असो, काटा रुतला की आपण खाली बसतो, पाय मांडीवर घेतो, सुईने काटा काढतो आणि पुन्हा कामाला लागतो. रात्रीपर्यंत ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकू लागते. लाली, सूज, ऊब आणि वेदना ही चार लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला ती न वाचताच ठाऊक असतात.

आपण या चार लक्षणांनाच दुखणे समजतो. सूज आली म्हणजे बिघडले. सूज नाही, ठणका नाही म्हणजे सारे ठीक, असा आपला हिशेब. मी कॉलेजात शिकवणारा मास्तर, डॉक्टर नव्हे. माझाही हिशेब हाच होता, आणि तो माझ्या वडिलांना महागात पडला. ती हकीकत पुढे येईलच. आधी काटा रुतल्यावर कातडीखाली काय घडते ते पाहू, म्हणजे ती नीट उमजेल.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आपण शाळेत शिकतो. एकाच कामाला जुंपलेल्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. आता या पेशींना ना तोंड, ना कान. मग एकीला इजा झाली हे दुसरीला कळते कसे? गावाकडे आपण जसा सांगावा धाडतो, तसा पेशीही धाडतात. फरक इतकाच की हा सांगावा रेणूच्या रूपात असतो. एक पेशी विशिष्ट रेणू बाहेर सोडते. तो भोवतालच्या ओलाव्यातून, कधी रक्तातून, पसरत जातो. ज्या पेशीच्या अंगावर त्या रेणूच्या आकाराची खाच असेल, त्या पेशीला तो लागू पडतो, जशी किल्ली आपल्याच कुलपाला लागते. इतर पेशींना त्याचे काहीच वाटत नाही.

काटा शिरला की कातडीच्या काही पेशी फुटतात. तिथे मास्ट पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन या द्रव्याचे बारीक कण भरून ठेवलेले असतात. धक्का लागताच त्या हे कण बाहेर टाकतात. हिस्टामिनचा सांगावा जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांना पोचतो. त्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंतींत फटी पडतात आणि रक्तातले पाणी बाहेर झिरपते, म्हणून सूज येते. म्हणजे सूज ही बिघाडाची घाण नव्हे. पाटाचे दार उघडून वाफ्यात पाणी सोडावे, तसे ते मुद्दाम सोडलेले पाणी आहे, आणि त्याबरोबर मदतीचा माल येतो.

शिक्षक मित्रांना हे वर्गात दाखवता येईल. हाताच्या आतल्या बाजूला बोथट पट्टीची कड जरा जोराने, पण कातडी न सोलता, ओढा आणि घड्याळ पाहा. काही सेकंदांत ओढलेल्या जागी लाल रेघ उमटेल. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना लाली पसरेल. आणखी काही मिनिटांनी, सगळ्यांच्या नाही पण काहींच्या हातावर, रेघ फुगून वळ उठेल. लंडनचे सर थॉमस लुईस यांनी १९२० नंतरच्या दशकात हाच प्रयोग अत्यंत बारकाईने केला आणि या तीन पायऱ्या सांगितल्या. त्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. बाजूला पसरणारी लाली मज्जातंतूंच्या, म्हणजे संवेदना वाहणाऱ्या तंतूंच्या, वाटेने पसरते. तंतू मेला असेल तर ती लाली उमटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे कामाला येणार आहे.

आता मदत कोण घेऊन येते? याचे उत्तरही एका काट्यानेच मिळाले. १८८२ साली रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहत होते. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समुद्रातल्या तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. मेचनिकॉफ यांनी बागेतले गुलाबाचे काटे आणून त्या पिल्लांच्या अंगात खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काय, काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम करतात, हा विचार तिथून पुढे आला. या कामासाठी त्यांना १९०८ साली पॉल एर्लिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

पांढऱ्या पेशींना नेमकी जागा सापडते तीही सांगाव्यानेच. जखमेतून निघालेले काही रेणू जखमेजवळ दाट आणि दूर विरळ असतात. मुंगीने गुळाचा माग काढावा तशा या पेशी विरळाकडून दाटाकडे सरकतात, रक्तवाहिनीच्या फटीतून बाहेर पडतात आणि जंतूंना गिळतात. त्यातल्या पुष्कळ पेशी तिथेच मरतात. जखमेत जो पू दिसतो तो मुख्यतः या मेलेल्या पेशींचा असतो.

राहिला ठणका. इजा झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचा आणखी एक सांगावा काढतात. तो मज्जातंतूंची टोके हळवी करतो. मग साधा चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, आणि आपण पाय उचलून धरतो. तोच त्या वेदनेचा हेतू आहे: दुखऱ्या जागेवर भार देऊ नका. ॲस्पिरिन हे औषध १८९९ सालापासून बाजारात आहे, पण ते काम कसे करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. हे औषध प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. या क्षेत्रातल्या कामासाठी १९८२ सालचे नोबेल व्हेन आणि दोन स्वीडिश शास्त्रज्ञ, बर्गस्ट्रोम व सॅम्युएलसन, यांना मिळून देण्यात आले.

पण इथे एक मेख आहे. हेच प्रोस्टाग्लँडिन आपल्या जठराचे अस्तर आम्लापासून राखते आणि मूत्रपिंडाला रक्त पुरेसे पोचेल असे पाहते. म्हणून दुखण्यावरच्या अशा गोळ्या दुकानातून आणून महिनोन् महिने खाणाऱ्याच्या पोटात व्रण होतात, कधी मूत्रपिंडही बिघडते. गुडघ्याचा सांगावा बंद करायला गेलो आणि पोटाचाही बंद झाला, असे ते होते.

जंतू आटोक्यात आले की सांगाव्यांची भाषा बदलते. आधी "धावा, धावा" होते, आता "पुरे, आता घर बांधा" असे होते. सूज आपोआप विरते, असे पूर्वी मानत. आता कळले आहे की सूज थांबवण्याचेही वेगळे रेणू आहेत. त्यांपैकी लिपॉक्सिन हे १९८४ साली सापडले. मागोमाग बांधकामाचे सांगावे निघतात. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका आणि सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी ते सोडतात. त्यांच्या हुकमाने तंतू विणणाऱ्या पेशी येतात, नवी रक्तवाहिनी फुटते, कातडी कडेकडून आत सरकते. अशा वाढीच्या रेणूंच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल मिळाले. कोहेन यांनी उंदराच्या लाळेच्या ग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा कित्येक दिवस आधी उघडले. त्यावरून त्यांना कातडी वाढवणारा रेणू सापडला.

तर मंडळी, सांगावा वेळेवर निघाला, योग्य ठिकाणी पोचला आणि काम होताच थांबला, तर जखम भरते. यात दोन तऱ्हांनी घोटाळा होतो. एक, सांगावा थांबतच नाही. दुसरी, सांगावा पोचतच नाही.

पहिल्या तऱ्हेचे उदाहरण म्हणजे बोटांचे सांधे वाकडे करणारा आमवात. सांध्यात काटा नाही, जंतू नाही, तरी "धावा, धावा" चालूच. या आरोळीत टीएनएफ नावाचा रेणू पुढारी असतो. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ साली हा एकच रेणू अडवणारे औषध रोग्यांना देऊन पाहिले, आणि वर्षानुवर्षे सुजलेले सांधे उतरले. मात्र पुढे असे दिसले की हे औषध घेणाऱ्या काहींच्या शरीरात झोपलेला क्षय जागा होतो. कारण क्षयाच्या जंतूंभोवती पेशींची जी भिंत उभी असते, ती टिकवण्याचे कामही टीएनएफच करतो. म्हणून डॉक्टर हे औषध देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. जो सांगावा सांध्यात वैरी, तोच फुप्फुसात राखणदार. कोणताही सांगावा मुळात वाईट नसतो.

दुसरी तऱ्हा अधिक फसवी. कुष्ठरोगात बोटे झडतात, ती मांस सडून झडतात असे लोक समजत. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग मज्जातंतू मारतो, त्यामुळे वेदना जाते, आणि न कळलेल्या जखमांनी व भाजण्यांनी बोटे जातात. मघाचा पट्टीचा प्रयोग आठवा. कुष्ठाच्या चट्ट्यावर हिस्टामिन टोचले, तर बाजूची लाली उमटत नाही. तंतूच मेला, तर सांगावा नेणार कोण?

आता वडिलांची गोष्ट. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह होता. एके दिवशी ते शेतातून आले आणि ओट्यावर बसले. आई म्हणाली, "अहो, जमिनीवर हे रक्त कसलं?" पाहिले तर बाभळीचा काटा वहाणेच्या तळातून आरपार होऊन अंगठ्याखाली रुतलेला. सकाळपासून ते तसेच चालत होते. काटा काढला, हळद दाबली. मी त्या सुट्टीत घरीच होतो. रोज विचारायचो, "अण्णा, दुखतंय का?" ते म्हणायचे, "छे, काहीच नाही." आणि मी म्हणायचो, "मग बरंच आहे की." आठव्या दिवशी अंगठा काळा पडला. शहरात नेले, अंगठा काढावा लागला.

रक्तातली वाढलेली साखर वर्षानुवर्षे बारीक मज्जातंतू जाळते, आणि सर्वांत लांबचे तंतू आधी, म्हणजे पावलांचे. ती रक्तवाहिन्याही अरुंद करते, म्हणून पांढऱ्या पेशी पुरेशा पोचत नाहीत, पोचल्या त्या सुस्त असतात. बांधकामाचे रेणू जखमेतच कुरतडले जातात. वडिलांचे दुखत नव्हते, ते जखम बरी होती म्हणून नव्हे. मी जे सुचिन्ह समजत होतो, तोच खरा धोक्याचा इशारा होता.

म्हणून चार गोष्टी सांगतो. जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा; शेण, राख, चुना लावू नका, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे आरोग्य केंद्रात विचारा. दोन-तीन दिवसांत सूज आणि लाली ओसरू लागली पाहिजे. वाढत गेली, लाल रेघ वर चढली, ताप आला, तर थांबू नका. दुखण्याच्या गोळ्या आणि सूज उतरवणारी स्टेरॉइडे मनाने घेऊ नका. आणि घरात मधुमेही असेल तर त्याचे तळपाय रोज संध्याकाळी उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्यांतही. वहाण घालण्याआधी आत हात फिरवा. पायाला मुंग्या येतात, पाय बधिर वाटतो, असे तो म्हणाला तर डॉक्टरांकडे न्या. ते नायलॉनच्या धाग्याने पावलाची संवेदना पाच मिनिटांत तपासतात.

वडील त्यानंतर नऊ वर्षे जगले. रोज दिवेलागणीला आई त्यांचे पाय मांडीवर घेऊन पाहत असे. ते विचारायचे, "काय दिसतंय?" आई म्हणायची, "काही नाही." त्यांच्या पायांना जे सांगता येत नव्हते, ते तिचे डोळे पाहून घेत. तुमच्या घरातही असे कोणी असेल, तर आज रात्री जेवणाआधी त्यांचे पाय पाहा.