एक नाव, चार वाटा

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत एखादी रोहिणी असेलच. आकाशातल्या नक्षत्राचं हे एकच नाव, पण किती निरनिराळ्या वाटांनी गेलं, पाहा!

रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' काढली आणि मराठी घरांतल्या मुलींच्या पायांत कथकचे घुंगरू बांधले. रोहिणी खाडिलकर १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, बुद्धिबळाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांसमोर पटावर बसल्या. १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. रोहिणी हट्टंगडी 'गांधी' (१९८२) चित्रपटातल्या कस्तुरबा! आणि अणूहूनही सूक्ष्म कणांचा अभ्यास करणाऱ्या रोहिणी गोडबोले यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

नाव वडीलधाऱ्यांनी ठेवलं. त्यात अर्थ भरला तो ज्या त्या रोहिणीनं, आपल्या कामानं.

आणि आपलं? लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं जातं, पुढे तेही पुसून 'बंटीची आई' तेवढी उरते. खरं तर लग्नानंतर नाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही, बरं का! बदललं असलं तरी बिघडत नाही. ते वापरात मात्र राहू द्या. आज शेजारणीला तिच्या नावानं हाक मारा. बघा, चेहरा कसा फुलतो!