लाळेतील साक्षीदार

भाकरीचा घास सावकाश चावीत राहिले, म्हणजे तो गोड लागू लागतो. ही लाळेतील एका एंझाइमाची करामत. ते पिष्टाची शर्करा करते. स्वतः मात्र खर्ची पडत नाही. पपईच्या चिकातही असेच एक एंझाइम असते. ते तयार करूनच बायोकॉन कंपनीने १९७८ साली बंगळूरात उद्योगाचा श्रीगणेशा केला. आज इलेक्ट्रॉनिक सिटीत तिचे मोठे आवार आहे. याच कंपनीने २००६ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगावर एक औषध आणले. कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर या प्रथिनाचा आतील भाग एंझाइमासारखे कार्य करून पेशीला वाढण्याची आज्ञा देतो. ती आज्ञा हे औषध अडविते.

मग एंझाइमावरून रोगाची पुढील वाटचाल ओळखता येईल काय? कर्कपेशी प्राणवायू असतानाही साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनविते, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले. या क्रियेतील लॅक्टेट डिहायड्रोजनेज अनेक रुग्णांच्या रक्तात व लाळेत वाढलेले आढळते. मेटॅलोप्रोटिनेज नावाची दुसरी एंझाइमे पेशींभोवतीची कोलॅजनाची भिंत पोखरतात व रोगाला मानेतील लसीकाग्रंथींकडे वाट करून देतात.

या प्रश्नाचे मोल मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधनावरून कळते. मुखाचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत असताना, मानेत गाठ लागत नसली तरी तेथील ग्रंथी आधीच काढल्या, तर तीन वर्षांनी शंभरांपैकी ८० रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबल्यास ६७.५, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. परंतु अनेकांच्या काढलेल्या ग्रंथींत रोग सापडतच नाही, आणि या शस्त्रक्रियेने काहींचा खांदा दुर्बळ होतो. कोणाची मान उघडावी आणि कोणाची नाही, हे एखाद्या एंझाइमाने आधीच सांगितले, तर केवढे दुःख वाचेल!

तूर्त मात्र ही साक्ष एकटीने पुरेशी नाही. लॅक्टेट डिहायड्रोजनेज यकृताच्या विकारातही वाढते, हिरड्या सुजल्या तर लाळेतही वाढते. म्हणून वैद्य अजून गाठीची खोली, ग्रंथींची स्थिती आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी यांवरच विसंबतात.

आपल्या हाती असलेली गोष्ट याहून सोपी आहे. तंबाखू आणि सुपारी सोडावी. आणि तोंडातील व्रण किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत बरा न झाल्यास वैद्यांना दाखवावा. त्यासाठी कोणत्याही एंझाइमाची वाट पाहावयास नको.