अपरिचित मांजरांचा सहवास

घरात एक मांजर आधीपासून नांदत असताना दुसरे मांजर आणले, की पुष्कळदा पहिल्याच दिवशी दोघांची जुंपते. अशा वेळी काही माणसे नव्या मांजराला जुन्याच्या पुढ्यात सोडून देतात आणि ती आपसांत काय ते ठरवतील, असे समजून दूर होतात. तर काही जण भांडखोर वाटणाऱ्या मांजराला मारतात. या दोन्ही उपायांनी वैर शमण्याऐवजी पक्के होते, आणि अखेर दोहोंपैकी एकाला घराबाहेर काढण्याची पाळी येते. ही आपत्ती पुष्कळ प्रसंगी टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी ध्यानात ठेवावयाची मुख्य गोष्ट अशी, की मांजरांची ओळख डोळ्यांनी होण्यापूर्वी नाकाने व्हावी लागते.

एकाकी शिकाऱ्याचा वारसा

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया येथे आढळणारे रानमांजर होय. हे रानमांजर एकट्याने शिकार करते. उंदरासारखे लहान भक्ष्य एकाच्याच पोटाला पुरते. त्यामुळे लांडग्यांप्रमाणे टोळी करून शिकार करण्याचे व ती वाटून घेण्याचे त्याला कारण पडले नाही. उंदीर मिळतील अशी हद्द राखणे, हेच त्याच्या उपजीविकेचे साधन ठरले.

टोळीने राहणाऱ्या प्राण्यांजवळ शरणागती दाखवण्याच्या व तंटा मिटवण्याच्या अनेक खुणा असतात. मांजराजवळ अशा खुणा फार थोड्या. अपरिचित मांजर दिसताच दूर निघून जाणे, हाच त्याचा पहिला उपाय होय. बंद खोलीत हा उपाय उरत नाही, म्हणून पंजा उगारला जातो.

तथापि मांजर सर्वस्वी एकलकोंडे आहे, असे मात्र नव्हे. जेथे अन्न विपुल असते, अशा गोठ्यांच्या किंवा मासळीबाजारांच्या आसपास नात्यातल्या माद्या एकत्र राहतात आणि एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात. अशा वसाहतीतील मांजरे परस्परांच्या अंगाला अंग घासतात. त्यामुळे साऱ्यांचा मिळून एक सामायिक गंध तयार होतो. ज्याला हा गंध आहे ते आपले. ज्याला नाही ते परके.

गंधाची भाषा

मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळाच्या बाजूंना, पंजांत व शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला किंवा खुर्चीच्या पायाला मांजर गाल घासते, तेव्हा ते तेथे आपली खूण ठेवीत असते. हे गंध ओळखण्यासाठी त्याला नाकाखेरीज आणखी एक इंद्रिय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याकोबसन या डॅनिश शास्त्रज्ञाने वर्णन केलेले हे इंद्रिय टाळूच्या वरच्या बाजूस असते. एखादा वास घेऊन मांजर तोंड अर्धवट उघडे ठेवून क्षणभर स्तब्ध राहते, तेव्हा ते याच इंद्रियाचा उपयोग करीत असते.

ओळखीच्या पायऱ्या

नव्या मांजराची प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी व लसी टोचून घ्याव्यात. नंतर त्याला दार बंद होणाऱ्या वेगळ्या खोलीत ठेवावे. तेथे अन्न, पाणी, वाळूची पेटी, नखे घासण्यास लाकूड किंवा गोणपाट आणि लपण्यास एखादा खोका असावा. हे मांजर निर्धास्तपणे खाऊ लागेपर्यंत पुढची पायरी घेऊ नये.

त्यानंतर स्वच्छ फडके एका मांजराच्या गालांवरून हलकेच फिरवून दुसऱ्याच्या वावरण्याच्या जागी ठेवावे. त्याच्या नाकाशी नेऊ नये. फडके पाहून मांजर फिसकारले, तर ते आणखी दूर ठेवावे. त्याने दुर्लक्ष केले, तर प्रगती होत आहे असे समजावे. पुढे अधूनमधून दोघांच्या खोल्यांची अदलाबदल करावी.

तिसऱ्या पायरीवर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, प्रथम दारापासून दूर, अन्नाच्या ताटल्या ठेवाव्यात आणि रोज थोड्या जवळ आणाव्यात. परक्या गंधाची सांगड अशा रीतीने सुखद अनुभवाशी घातली जाते. मग जाळीआडून काही मिनिटे दर्शन घडवावे, आणि शेवटी देखरेखीखाली थोडा वेळ एकत्र सोडावे. या क्रमाला काही दिवस लागतात, कधी कित्येक आठवडे. पुढे केव्हा जावयाचे, हे दिनदर्शिकेवरून न ठरवता मांजरांच्या वागणुकीवरून ठरवावे.

मुका तंटा

प्रत्येक भांडण ऐकू येतेच असे नाही. एकटक रोखून पाहणे, वाटेत बसून दुसऱ्याला अडवणे, हाही तंटाच होय. असा अडवलेला प्राणी वाळूच्या पेटीकडे जाण्यास कचरतो. मनावरील ताणामुळे मांजरांत मूत्राशयाचा दाह उद्भवू शकतो. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबल्यास एकदोन दिवसांतच त्याच्या जिवावर बेतते. म्हणून लघवीसाठी कुंथणाऱ्या मांजराला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी अधिक असावी, आणि सर्व पेट्या एकाच कोपऱ्यात न ठेवता निरनिराळ्या जागी असाव्यात. ताटल्या एकमेकींच्या दृष्टिआड ठेवाव्यात. उंचावरच्या फळ्या लावल्यास लहान घरातही वाटा वाढतात. निर्बीजीकरणाने, विशेषतः बोक्यांतील, मारामाऱ्या कमी होतात.

भांडण जुंपलेच, तर मध्ये हात घालू नये. एखादा पुठ्ठा किंवा उशी आड धरावी. क्षुब्ध मांजर सोडवणाऱ्यालाच चावते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी व त्वरित डॉक्टरांकडे जावे, कारण मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो.

वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या मांजरांतही कधी अकस्मात बिनसते. एक मांजर दवाखान्यातून परतते आणि दुसरे त्याच्यावर फिसकारते. रूप तेच असले तरी अंगाला औषधांचा वास येत असतो. म्हणून जुना सोबती क्षणात परका ठरतो. अशा वेळी आलेल्या मांजराला काही काळ निराळे ठेवून त्याचा मूळ गंध परत येऊ द्यावा, आणि आवश्यक वाटल्यास वरील पायऱ्या पहिल्यापासून घ्याव्यात. दोन मांजरे कुशीत कुशी घालून झोपलीच पाहिजेत, अशी अपेक्षा धरू नये. एकाच घरात निर्भयपणे खाणे, झोपणे व वावरणे दोघांनाही साधले, म्हणजे त्यांचा सहवास जमला असे समजावे.