चारा तळ्यातच पिकतो

बीड जिल्ह्यात दारात पेंडीचं पोतं दिसलं की गोठ्यात म्हैस असणार, हे धरूनच चालायचं. माजलगाव तालुक्यातल्या या वस्तीवर पोतं ठेवलं होतं ते शेततळ्याच्या बांधावर. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली, तिच्यातलं हे तळं: तीस मीटर लांब, तितकंच रुंद, तीन मीटर खोल. पाणी मोसंबीसाठी साठवलेलं. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे नंतर आले.

पेंडीला हात लावण्याआधी शेतकऱ्याने पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवला. पंजा दिसेना, तसं म्हणाला, “आज शेण नको.” शेण हे इथे पाण्याचं खत. त्यावर हिरवे प्लवंग वाढतात, त्यांच्यावर पाणपिसवांसारखे बारीक जीव पोसतात आणि माशाला सामिष जेवण फुकटात मिळतं.

रात्री भिजवलेली शेंगदाणा पेंड त्याने भाताच्या कोंड्यात निम्मेनिम कालवली. कोंडा बाहेरून आणावा लागतो. इथे भात पिकतो कुठे? भोकं पाडलेल्या युरियाच्या पोत्यात हे मिश्रण भरून पोतं बांबूला टांगलं. थोड्याच वेळात पोतं हिसके खाऊ लागलं.

दुपारी कालवणासाठी रोहू कापला. तोंडात बोट फिरवलं तर एकही दात नाही. दात आत, घशात. जठर तर नाहीच. आतडं मात्र उलगडता उलगडेना, माशाच्या लांबीच्या कितीतरी पट. झाडपाला पचवायला ही लांबी लागते. कटल्याच्या कल्ल्यात बारीक दाट चाळण असते, तिने तो वरच्या पाण्यातले जीव गाळून घेतो. मृगळ तळाचं कुजकं-नासकं खातो. म्हणून तिघं एका तळ्यात नांदतात.

पेंडीतल्या प्रथिनांचं मांस व्हावं, ही अपेक्षा. पण कोंड्यातलं पिष्ट कमी पडलं तर मासा तीच महाग प्रथिनं जाळतो आणि त्यांचा अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. अंग गरम ठेवायचा खर्च त्याला नाही, एवढी बचत. नुसत्या पेंडीवरही भागत नाही: प्रथिनं बनवणाऱ्या अमिनो आम्लांपैकी सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी, सरकीत लायसिन कमी, वर गॉसिपॉल या विषारी घटकाचा त्रास. कच्च्या सोयाबीनमधले पचन अडवणारे घटक उष्णतेने मोडावे लागतात. कारखान्याच्या खाद्यात मासळीची भुकटी घालतात ती ही उणीव भरायला. पाणी हिरवं असेल आणि मासे विरळ सोडले असतील, तर माझ्या मते त्या भुकटीवर पैसे घालणं उधळपट्टी आहे. प्लास्टिक अंथरलेल्या, दाटीने मासे भरलेल्या तळ्याचा हिशेब वेगळा. तिथे गाळाचा आधारच नसतो.

संध्याकाळी पोतं काढून तो चाचपतो. आभाळ भरून आलं की खाद्य बंद, कारण अशा दिवसांत पाण्यातला प्राणवायू कमी पडतो. थंडीत पाणी गारठलं की माशांची भूक मंदावते. पोत्यात उरेल तेवढी पेंड तो दुसऱ्या दिवशी कमी भिजवतो.