‘परमनंट’चा चाकणी अर्थ

चाकण-महाळुंगे पट्ट्यात नोकरदार मुलाची सोयरीक निघाली, की पगाराच्या आकड्याइतकीच एक चौकशी हमखास होते: परमनंट आहे का? शेवटपर्यंत टिकून राहणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघालेले हे विशेषण फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ‘रिमेन’ आणि ‘मॅन्शन’ हे शब्दही त्याच मुळाचे. इंग्रजीत ते बहुधा वस्तूला लागते, शाईला किंवा पत्त्याला. इथे ते माणसालाच चिकटले. ‘परमनंटांचा करार झाला’ असे आपण सहज म्हणतो, म्हणजे विशेषणाचे नाम होऊन त्याला विभक्तीही लागली. त्याचा विरुद्धार्थी शब्द तर ‘तात्पुरता’ नव्हे, ‘कंत्राटी’. एकाच लाइनवर, एकाच शिफ्टला दोघेही तेच नट आवळतात. युनियनने केलेली पगारवाढ मिळते ती एकाला. माझ्या मते या शब्दातला काळ मागे पडून हक्क पुढे आला आहे.

हा अर्थ नुसत्या बोलण्यातून आलेला नाही, त्यामागे कायदा आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनी 12 महिन्यांत 240 दिवस सलग भरलेल्या टेम्पररी कामगाराला कायम करणे बंधनकारक केले. सात महिने होताच ‘ब्रेक’ देण्याची रीत त्यातूनच पडली. 1971 च्या राज्य कायद्याने तर, कायमपणाचे लाभ टाळण्यासाठी कामगाराला वर्षानुवर्षे टेम्पररी ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली. वर्षानुवर्षे टेम्पररी! शब्दकोशाला हा वदतोव्याघात वाटेल, कायद्याला त्यात नवल वाटले नाही.

यावर कोणी म्हणेल, परमनंटला तरी कुठली हमी? तळेगावच्या जनरल मोटर्सचे उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलेच की. खरे आहे. पण तिथल्या कायम कामगारांची संघटना कारखाना बंद करण्याविरुद्ध कोर्टात लढू शकली. कंत्राटी कामगाराचा गेटपास बंद झाला की त्याचे भांडण ठेकेदाराशी, तेही तो सापडला तर.

याहून अवघड आक्षेप ‘फिक्स्ड टर्म’ या नव्या विशेषणाचा आहे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने अशा कामगाराला मुदतीपुरते कायम कामगाराच्या बरोबरीचे वेतन-भत्ते देऊ केले. अर्थ हक्काचाच असेल तर यालाही परमनंट म्हणायला हवे. पण तसे कोणी म्हणणार नाही, आणि इथे माझ्या म्हणण्याला मुरड घालावी लागते. मुदत वाढवायची की नाही हे व्यवस्थापनाच्या हाती असताना तो युनियनच्या मीटिंगला जाताना दहादा विचार करील. हक्क मागायचा, तर मागितल्यानंतरही उद्या पंचिंगला कार्ड चालले पाहिजे.