अपेक्षित वेतन : आकडा सांगण्यापूर्वी

मुलाखत उत्तम चाललेली असते आणि अखेरीस प्रश्न येतो, ‘आपली वेतनाची अपेक्षा किती?’ येथे भलेभले उमेदवार अडखळतात. संकोचापोटी ‘आपण योग्य ते द्याल’ असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच हिशेब न करता आकडा सांगून टाकणेही. कारण कंपनी सांगते तो आकडा आणि खात्यात जमा होणारी रक्कम यांत बरेच अंतर असते.

खासगी कंपन्या बहुधा ‘सीटीसी’, म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा एकूण वार्षिक खर्च सांगतात. समजा, प्रस्ताव ६ लाख रुपयांचा आहे. दरमहा ५०,००० रुपये मिळतील, असा उमेदवाराचा समज होतो. मूळ वेतन २५,००० रुपये धरल्यास भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा १२ टक्के वाटा ३,००० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १,२०० रुपये होते. कामगिरीनुसार वर्षअखेरीस मिळणारा भाग १० टक्के असेल, तर आणखी ५,००० रुपये बाजूला पडतात. उरलेल्या ४०,८०० रुपयांतून कर्मचाऱ्याचा स्वतःचा ३,००० रुपयांचा वाटा आणि महाराष्ट्रात साधारणतः २०० रुपये व्यवसाय कर वजा होतो. हाती येतात ३७,६०० रुपये! भविष्यनिर्वाह निधी ही आपलीच बचत असली, तरी घरभाडे आणि कर्जाचा हप्ता भागवायचा तो या ३७,६०० रुपयांतूनच.

म्हणून आकडा सांगण्यापूर्वी पदाची वेतनमर्यादा आणि वेतनाची विभागणी नम्रपणे विचारावी. कामगिरीनुसार मिळणारा भाग केव्हा आणि कोणत्या निकषांवर दिला जातो, हेही जाणून घ्यावे. मग आपली अपेक्षा किमान-कमाल मर्यादेत सांगावी. मात्र किमान आकडा आपल्याला खरोखर मान्य असणाराच असावा. अपेक्षेला आधार द्यावा तो अनुभवाचा आणि जबाबदारीचा, घरखर्चाचा नव्हे.

सध्याचे वेतन विचारल्यास ते फुगवून सांगू नये. पुढे वेतनचिठ्ठी किंवा बँकेचा खातेउतारा मागितला जातो, तेव्हा वेतनाबरोबर विश्वासही गमवावा लागतो. ‘सध्याचे वेतन इतके आहे; परंतु या पदाची जबाबदारी अधिक असल्याने माझी अपेक्षा इतकी आहे,’ हे सरळ उत्तर पुरेसे आहे.

आणि ठरलेले सारे नियुक्तिपत्रात लेखी आल्याखेरीज हातची नोकरी सोडू नये.